लांबचा फटका आणि नजरेची रेघ

पूलच्या टेबलावर हातभर अंतरावरचा चेंडू सफाईने पॉकेटमध्ये घालणारे पुष्कळ असतात. टेबलाच्या एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे मारण्याची वेळ आली, की मात्र त्यांच्यापैकी बरेच जण बिचकतात. खेळाडूने चाळिशी ओलांडली असेल, तर निदानही ठरलेले असते: 'हात गेला.' मग तो लांबचे फटके टाळू लागतो आणि यथावकाश क्लबाकडे फिरकणेच सोडतो. वस्तुतः हात बहुधा शाबूत असतो. बिघडलेला असतो तो डोळा, मान आणि क्यू यांचा मेळ, आणि तो पुन्हा जमविता येतो.

प्रथम अंतराचा हिशेब पाहू. नऊ फुटी टेबलाचे खेळण्याचे क्षेत्र १०० इंच लांब व ५० इंच रुंद असते आणि चेंडूचा व्यास ५७.१५ मिलिमीटर. समजा, पांढरा चेंडू व लक्ष्य चेंडू यांत दीड मीटरचे अंतर आहे आणि त्याच सरळ रेषेत, आणखी एक मीटर पुढे, कोपऱ्याचे पॉकेट आहे. पांढरा चेंडू केवळ एकदशांश अंशाने बाजूला गेला, तर लक्ष्य चेंडूपाशी तो जेमतेम २.६ मिलिमीटर सरकलेला असतो. परंतु दोन गोल वस्तूंच्या टकरीत ही चूक सुमारे सव्वीसपट होते. लक्ष्य चेंडू २.६ अंशांनी भरकटतो आणि पॉकेटपाशी पोहोचेतो सुमारे ४६ मिलिमीटर दूर जातो. साडेचार इंची पॉकेटात चेंडूला दोन्ही अंगांस मिळणारी मोकळीक तर तीसही मिलिमीटर नसते. दोन चेंडूंतील अंतर ३० सेंटिमीटर असते, तर हीच चूक पॉकेटपाशी ९ मिलिमीटरवर आटोपली असती आणि चेंडू निमूट आत गेला असता. चक्रवाढ व्याजाशी रोजचा परिचय असलेल्या वाचकांना लहान आकड्याचे हे वर्तन नवे वाटू नये!

हा एकदशांश अंश हातात किती असतो? आधाराच्या बोटांपासून क्यूची मूठ मीटरभर मागे धरली, तर पावणेदोन मिलिमीटर. एवढा फरक मनगटाला जाणवत नाही. तो डोळ्यानेच टिपावा लागतो. आणि डोळा येथे हमखास फसवितो.

माणसाच्या दोन डोळ्यांपैकी एक सामान्यतः प्रबळ असतो. हात लांब करून दोन्ही तळव्यांच्या फटीतून दूरची वस्तू पाहावी आणि एकेक डोळा मिटावा. ज्या डोळ्याने वस्तू फटीत कायम दिसते, तो प्रबळ. परंतु क्यू नेमका याच डोळ्याखाली असावा, हा सरसकट नियम नव्हे. काहींना रेषा प्रबळ डोळ्याखाली सरळ दिसते, काहींना नाकासमोर, काहींना या दोहोंच्या मध्ये. स्नूकरचे विश्वविजेतेपद १९२७ ते १९४६ या काळात पंधरा वेळा मिळविणारे जो डेव्हिस यांचा उजवा डोळा अधू होता. त्यांचा क्यू डाव्या डोळ्याखालून जात असे.

आपली जागा शोधण्यास एक दोरा पुरतो. तो समोरासमोरच्या दोन कोपऱ्यांच्या पॉकेटांमध्ये ताणून बांधावा, नेहमीप्रमाणे वाकावे आणि डोके किंचित डावीकडे-उजवीकडे न्यावे. ज्या ठिकाणी दोरा अजिबात कललेला दिसत नाही, तेथे डोके स्थिर करावे आणि क्यू हनुवटीला कोठे लागतो, हे सोबत्याला पाहावयास सांगावे. ही खूण पुढे प्रत्येक फटक्याला उपयोगी पडते. रेघ मात्र उभे असतानाच ठरवावी आणि मग तिच्यावर पाय टाकून वाकावे. आधी वाकून नंतर डोके सरकवत रेघ शोधणे हा लांबच्या फटक्याचा घात होय.

चष्म्याचा प्रश्न याहून नाजूक. मराठीत वयालाही चाळिशी म्हणतात आणि वाचावयाच्या चष्म्यालाही. टेबलावर ही दुसरी चाळिशी निरुपयोगी ठरते, कारण ती हातातल्या कागदासाठी असते, दीड-दोन मीटरवरच्या चेंडूसाठी नव्हे. प्रोग्रेसिव्ह भिंगांत कडेच्या भागातून सरळ रेषा वाकडी भासू शकते. शिवाय वाकलेला खेळाडू भिंगाच्या वरच्या कडेतून किंवा चौकटीच्याही वरून पाहत असतो. नंबर जास्त असेल, तर भिंगाच्या कडेतून चेंडूची जागाच थोडी सरकलेली दिसते. उत्तर आयर्लंडचे डेनिस टेलर भुवयांच्याही वर जाणाऱ्या मोठ्या भिंगांचा चष्मा लावून खेळत. पुष्कळांनी त्यांची थट्टा केली. १९८५ च्या विश्वस्पर्धेत, अंतिम सामन्याच्या शेवटच्या फ्रेममधील शेवटच्या काळ्या चेंडूवर, त्यांनी स्टीव्ह डेव्हिस यांना १८-१७ असे हरविले. प्रत्येकाने तसा चष्मा करावा असे नाही. पण चष्मेवाल्याला टेबलावरील अंतरे आणि वाकण्याची ढब सांगून केवळ दूरच्या नंबरचा, उंच भिंगांचा वेगळा चष्मा करून घेणे क्लबाच्या वार्षिक वर्गणीपेक्षा पुष्कळदा स्वस्त पडते.

राहिले नजर टिकविणे. दोन मीटरवरचा चेंडू लांब केलेल्या हाताच्या अंगठ्याच्या नखाहून फारसा मोठा दिसत नाही. नजर भिरभिरत राहिली, तर एवढ्याशा वर्तुळावरचा बिंदू सापडणे कठीण. कॅनडातील संशोधक जोन व्हिकर्स यांनी फटक्यापूर्वीच्या अशा स्थिर अखेरच्या दृष्टीला 'शांत डोळा' म्हटले. २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या बिलियर्ड्सविषयक अभ्यासात निष्णात खेळाडूंची ही स्थिर दृष्टी नवख्यांपेक्षा अधिक वेळ टिकलेली आढळली. क्यू पुढे-मागे खेळविताना पांढरा चेंडू आणि लक्ष्य यांच्यात नजर फिरण्यास हरकत नाही. अखेरचा फटका देताना ती लक्ष्यावर थांबलेली असावी आणि चेंडू गेल्यावरही डोके क्षणभर खालीच राहावे.

सरावासाठी एकच मांडणी पुष्कळ आहे: वर सांगितलेलाच सरळ फटका. पांढऱ्या चेंडूच्या मध्याच्या किंचित खाली मारून तो टकरीनंतर जागीच थांबतो का, हे पाहावे. तो जागेवर गरगर फिरू लागला, तर क्यूचे टोक मध्यापासून डावी-उजवीकडे लागले. बाजूला निसटला, तर टक्कर सरळ झाली नाही. दहा फटके, डाव्या आणि उजव्या चुकांच्या वेगळ्या नोंदी. चुका सातत्याने एकाच बाजूला पडत असतील, तर डोके केसभर सरकवून आणखी दहा फटके मारावेत.