शटर बंद व्हायच्या आत

रात्री दोन-दोन वाजेपर्यंत ऑनलाइन व्हिडिओ बघायचे, 'यार, आपणपण एक फिल्म करायची' म्हणायचं आणि सकाळी पंचिंगसाठी धावायचं... तुमचंही असंच चाललंय? मग अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या आठ मागांची ही गोष्ट खास तुमच्यासाठी!

मी टॉवेलच्या कारखान्यात नोकरी करतो. म्हणजे टॉवेल विणत नाही हो, एक्स्पोर्टची कागदपत्रं बघतो. इन्व्हॉइस, पॅकिंग लिस्ट, शिपिंग बिल... दिवसभर डोकं एक्सेलच्या चौकोनांत. सोलापूरच्या या एमआयडीसीत माझ्यासारखे बरेच आहेत. शेडमध्ये मागांची खटखट आणि केबिनमध्ये आमच्या की-बोर्डची!

पण माझा एक जुना आजार आहे. फिल्ममेकिंगचा. चार वर्षांत मी 'सिनेमॅटिक लूक कसा आणायचा' छापाचे शेकडो व्हिडिओ बघितले असतील. हप्त्यावर गिम्बल घेतला. लेन्सची नावं पाठ केली. आणि फिल्म किती केल्या? एक! चुलतभावाच्या लग्नातली. तीत नवरदेव पाऊण मिनिट स्लो-मोशनमध्ये पाणी पितो. बस्स.

थोडक्यात काय, इन्स्पिरेशन भरपूर, काम शून्य.

एका मंगळवारी चहाच्या टपरीवर शाळेपासूनचा मित्र भेटला. याच एमआयडीसीत त्याच्या वडिलांची छोटी शेड. आठ माग, चादरीचे. भजी खाता खाता तो सहज म्हणाला, "सोमवारी माग चाललेत बे."

"कुठे?"

"भंगारात."

मला काय बोलावं ते कळेना. तोच पुढे म्हणाला, "तू फिल्म-बिल्म करतोस ना? मग कर की. नंतर काय शेडचं शटर शूट करणार काय?"

अमेरिकेची वीज, सोलापूरची ट्यूबलाइट

आधी हे माग काय प्रकरण आहे ते सांगतो. जुन्या मागात धोटा असतो. पोटात सुताची कांडी घेऊन तो ताण्याच्या धाग्यांमधून या टोकाचा त्या टोकाला फेकला जातो, बाणा टाकत. दिवसभर हेच. खटखट येते ती यामुळे. नव्या रेपियर मागात धोटाच नसतो. तो भराभर विणतो आणि माणसंही कमी लागतात. सोलापुरी चादर आणि टेरी टॉवेल दोघांनाही भौगोलिक मानांकन मिळालं, नाव झालं. पण बाजारात नावाच्या जोडीला भाव आणि वेग लागतो. मित्राच्या वडिलांना तो वेग गाठणं जमलं नाही.

घरी तेलुगू बोलतात. मित्र त्यांना नान्ना म्हणतो, मी काका. काकांनी तीस वर्षांहून जास्त काळ हे माग चालवले.

गुरुवारी ऑफिस सुटल्यावर मी जय्यत तयारीनिशी निघालो. बाहेर अक्कलकोटला स्वामींच्या दर्शनाला निघालेल्या गाड्यांची रांग आणि मी गिम्बल खांद्यावर टाकून एकदम हॉलिवूड! आवडत्या अमेरिकन यू-ट्यूबरचं सगळं सेटिंग तोंडपाठ. सेकंदाला तीस फ्रेम, शटर साठला एक. वरून सुपर स्लो-मोशन. धोटा हवेत तरंगताना दिसला पाहिजे ना, बॉस!

दोन तास शूट केलं. शेडच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत गिम्बल नाचवला. काका मात्र प्रत्येक वेळी फ्रेमच्या बाहेर. जवळ गेलो की म्हणायचे, "मला काय बघतोस? मागाला बघ."

रात्री घरी येऊन फुटेज लावलं आणि पोटात गोळा आला. सगळ्या व्हिडिओवर काळे-करडे पट्टे फिरत होते. स्लो-मोशनमध्ये तर डिस्कोच! एकही शॉट वापरण्याजोगा नाही.

कारण दुसऱ्या दिवशी कळलं आणि कपाळावर हात मारला. आपल्याकडची वीज ५० हर्ट्‌झची. त्यामुळे साध्या चोकच्या ट्यूबलाइटचा उजेड सेकंदाला शंभर वेळा कमी-जास्त होतो. डोळ्याला दिसत नाही, कॅमेऱ्याला दिसतो. अमेरिकेत वीज ६० हर्ट्‌झची, म्हणून त्यांचं शटर साठला एक. आपल्याकडे ते पन्नासला एक किंवा शंभराला एक हवं. म्हणजे मी चार वर्षं फिल्ममेकिंग शिकत होतो, पण दुसऱ्याच्या विजेवर!

आणि हातात राहिला होता फक्त रविवार.

कारखाना सुटला, सिनेमा सुरू झाला

शुक्रवारी रात्री पुन्हा ऑनलाइन. पण या वेळी 'टॉप टेन ट्रान्झिशन्स' नकोसे वाटले. शोधता शोधता ४६ सेकंदांचा एक व्हिडिओ समोर आला. वर्ष १८९५. फ्रान्समधलं लियाँ शहर. ल्युमिएर बंधूंचा फोटोच्या काचा बनवणारा कारखाना सुटतो, फाटक उघडतं आणि कामगार बाहेर पडतात. बायकाच जास्त. एक कुत्रा, सायकलवाले. बास! कॅमेरा हलत नाही, कट नाही, म्युझिक नाही.

जगातल्या सुरुवातीच्या फिल्मपैकी ही एक. त्याच वर्षी २८ डिसेंबरला पॅरिसमध्ये तिकीट लावून ती दाखवली आणि ७ जुलै १८९६ ला मुंबईच्या वॉटसन हॉटेलातल्या पहिल्या खेळातही ती होती. ज्या रस्त्यावर कॅमेरा लावला, त्याचं आजचं नावच 'पहिल्या चित्रपटाचा रस्ता'.

मला हसूच आलं. अरे, हे तर मी रोज संध्याकाळी बघतो! आमच्या फाटकातून हेच तर होतं. डबे, सायकली, मोटारसायकली, कुत्रासुद्धा. मला मात्र लोकेशन सापडत नव्हतं.

आणखी एक गंमत. याच दृश्याच्या तीन आवृत्त्या आहेत. एकीत एका घोड्याची गाडी, दुसरीत दोन घोड्यांची, तिसरीत गाडीच नाही. म्हणजे त्या भावांनीही रिटेक घेतले होते. गुरुवारच्या फजितीनंतर हे वाचून फार बरं वाटलं.

मग 'एव्हरी फ्रेम अ पेंटिंग' या चॅनेलवरचा कुरोसावावरचा निबंध पुन्हा लावला. त्यात दाखवलंय, कुरोसावाच्या फ्रेममध्ये सतत काहीतरी हलत असतं. पाऊस, वारा, धूर, गर्दी. पूर्वी हाच व्हिडिओ बघून मी फक्त 'वा!' म्हटलं होतं. आता डोक्यात प्रकाश पडला. आठ माग आधीच हलत असताना मी कॅमेरा कशाला नाचवत होतो? त्याने एका जागी उभं राहावं की!

मालेगावचा सुपरमॅन

गिम्बल ठेवून द्यायला धीर दिला तो आणखी एका मागांच्या गावाने. मालेगावने. तिथे व्हिडिओ पार्लर चालवणाऱ्या नासिर शेख यांनी 'मालेगाव के शोले' केला. घोड्यांऐवजी सायकली! पार्लरमध्ये बघितलेले चॅप्लिन, बस्टर कीटन हीच त्यांची फिल्म इन्स्टिट्यूट. पुढे 'मालेगाव का सुपरमॅन'मध्ये हिरो झाला शफीक, यंत्रमागावर काम करणारा पोरगा. फैझा अहमद खान यांनी २००८ मध्ये यावर 'सुपरमेन ऑफ मालेगाव' हा माहितीपट केला. त्यात क्रेन म्हणून बैलगाडी आणि ट्रॉली म्हणून सायकल वापरलेली दिसते. शफीक २०११ मध्ये कॅन्सरने गेला. २०२५ मध्ये रीमा कागती यांचा 'सुपरबॉईज ऑफ मालेगाव' थिएटरला लागला, त्याच्या मुळाशी हीच माणसं आहेत.

या लोकांनीही दुसऱ्याचे सिनेमे बघूनच सुरुवात केली. पण बघितलेलं आपल्या गल्लीत आणताना घोड्याची सायकल झाली आणि ती फिल्म त्यांची झाली. फाळक्यांचं तरी काय? मुंबईत त्यांनी ख्रिस्ताच्या जीवनावरचा चित्रपट बघितला आणि आपले देव पडद्यावर आणायचं वेड घेतलं. पण 'राजा हरिश्चंद्र'च्या (१९१३) आधी त्यांनी काय शूट केलं? कुंडीतल्या वाटाण्याचा वाढणारा वेल! आणि आमच्याच जिल्ह्यातल्या जेऊरच्या नागराज मंजुळेंनी 'फँड्री' आणि 'सैराट'च्या आधी २००९ मध्ये 'पिस्तुल्या' ही शॉर्टफिल्म केली. तिला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. गोष्ट कुठली? शाळेची ओढ असलेल्या एका पोराची.

बघायचं जगभरचं, पण कॅमेरा लावायचा आपल्या दारात. फंडा इतकाच.

रविवार, एकच टेक

रविवारी काका एकटेच शेडमध्ये होते. शेवटच्या चादरी उतरवायच्या होत्या. मी मोबाइल स्टूलवर ठेवला, मागून विटेचा टेकू दिला. सेकंदाला पंचवीस फ्रेम, शटर पन्नासला एक. माझ्या जागेवरून आठही माग एका रेषेत दिसत होते. काकांना म्हटलं, "तुमच्याकडे बघतच नाही. मागाला बघतोय."

ते हसले. मग कॅमेऱ्याला विसरूनच गेले.

दुपारी त्यांनी पहिला माग बंद केला. मग दुसरा. मग तिसरा. घाई नाही. प्रत्येक मागापाशी थांबायचे, धोटा काढून बाजूला ठेवायचे, बीमवर एकदा हात फिरवायचे आणि पुढच्याकडे जायचे. आवाज पायरी-पायरीने खाली येत होता. आठ, सात, सहा... एकटा माग कसा वाजतो ते मी पहिल्यांदाच ऐकलं. मग तोही थांबला. बाहेरच्या रस्त्यावरचा हॉर्न आत ऐकू आला. काका म्हणाले, "एवढं शांत असतंय होय!"

शॉट सहा मिनिटांचा झाला. मी त्याला हातही लावला नाही. पुढे फक्त एक गोष्ट जोडली. टपरीवर बसून इअरफोनच्या माइकवर काकांचं बोलणं घेतलं होतं, धोटा उडून कपाळाला लागला होता तेव्हाचं. ते सुरुवातीला टाकलं, काळ्या पडद्यावर. फिल्म तयार!

सोमवारी ट्रक आला. ते मी शूट केलं नाही. मित्राबरोबर नुसता उभा राहिलो.

आठवड्याने त्यांच्या घरी टीव्हीला मोबाइल जोडून फिल्म लावली. काकू दारात उभ्या राहून बघत होत्या. काका काही बोलले नाहीत. संपल्यावर म्हणाले, "परत लाव. आणि आवाज वाढव की."

माझ्या फिल्मला आतापर्यंत मिळालेला हा एकमेव रिव्ह्यू. मला पुरेसा आहे.

तुम्हीही करून बघा!

• एक व्हिडिओ बघितला की त्यातली एकच गोष्ट उचला आणि त्याच आठवड्यात वापरा. दहा बघून एकही न करणं म्हणजे टाइमपास.

• आवडलेला सीन आवाज बंद करून बघा. कॅमेरा कुठे उभा आहे, कट कधी येतो, हे तेव्हाच दिसतं.

• ट्यूबलाइटखाली शटर पन्नासला किंवा शंभराला एक. आधी दहा सेकंद शूट करा, पट्टे दिसतात का बघा, मगच पुढे.

• मशिनजवळ मुलाखत घेऊ नका. बोलणं शांत जागी घ्या, मशिनचा आवाज वेगळा रेकॉर्ड करा.

• कारखान्यात शूटिंग म्हणजे आधी मालकाची परवानगी, मग कामगारांची. आणि चालत्या मागापासून लांबच!

• एक मिनिट कॅमेरा न हलवता शूट करा. कंटाळा आला, तर जागा चुकलीय. नाही आला, तर फिल्म सुरू झालीय.

आणि हो, तुमच्या ओळखीतलं कुठलं शटर कायमचं बंद व्हायच्या बेतात असेल, तर या रविवारीच जा.