सागरी महामार्गावर सायकल : घाम आणि मीठ
रेवस ते रेडी हा सागरी महामार्ग सायकलने करण्याचा बेत अनेक जण आखतात. नकाशात रस्ता समुद्रालगत दिसतो, म्हणून तो सपाट असेल अशी समजूत होते. प्रत्यक्षात प्रत्येक खाडीपाशी उतरायचे आणि पलीकडे पुन्हा सड्यावर चढायचे. म्हणून रोजचे अंतर सपाटीवरील सवयीच्या निम्मेच धरावे. दाभोळ-धोपावे, तवसाळ-जयगड अशा ठिकाणी फेरीबोटीची वाट पाहावी लागते. ती सावलीत बसून पाहावी.

चढापेक्षा दमट हवा अधिक छळते. घाम वाळत नाही, अंग थंड होत नाही आणि मीठ मात्र जात राहते. नुसते पाणी ढोसत राहिल्यास रक्तातील सोडियम उतरते. डोके दुखते, मळमळते. लिटरभर पाण्यात चहाचे सहा सपाट चमचे साखर व अर्धा चमचा मीठ घालून तहानेप्रमाणे प्यावे. (शहाळे उत्तम, पण त्यात सोडियम कमी.) रक्तदाब वा मूत्रपिंडाचा विकार असल्यास आधी डॉक्टरांना विचारावे.

सोबती असंबद्ध बोलू लागला, अंग तापले, तर उष्माघात समजावा. त्याला सावलीत घ्यावे, अंगावर पाणी ओतून वारा घालावा व तडक दवाखाना गाठावा.