वायफायची रेंज फुल्ल, तरी नेट बंद! राउटरमधली 'डिफॉल्ट रूट'ची एक ओळ नेमकं काय करते?

पीक विम्याचा अर्ज भरायची शेवटची तारीख. गावातल्या सेवा केंद्राबाहेर रांग लागलेली. आत कॉम्प्युटरवर वायफायची रेंज फुल्ल, पण वेबसाइट काही उघडत नाही, नुसतं चाक फिरतंय. केंद्र चालवणारा राउटर बंद करतो, चालू करतो. रांगेतला कुणीतरी सांगतो, "रेंज तर आहे की!"

पाचोरा तालुका असो नाहीतर पुण्याचं एखादं उपनगर, हे दृश्य सगळ्यांनीच पाहिलंय. गोंधळ होतो तो रेंज या शब्दामुळे. वायफायची रेंज फक्त एवढंच सांगते की तुमचं यंत्र आणि खोलीतला राउटर यांचं एकमेकांशी बरं चाललंय. राउटरपासून पुढं जगाकडे जाणारा रस्ता शाबूत आहे का, हे ती सांगत नाही. तो रस्ता राउटरच्या आत एका ओळीत लिहिलेला असतो. तिचं नाव डिफॉल्ट रूट. ती माणसानं हातानं लिहिली असेल, तर डिफॉल्ट स्टॅटिक रूट.

जामनेरच्या स्टेशनवरचा प्रवासी

ही ओळ समजून घ्यायला पाचोऱ्याइतकं सोयीचं गाव सापडणार नाही. पाचोरा मुंबई-भुसावळ मुख्य मार्गावर आहे. एका बाजूला चाळीसगाव, मनमाड, नाशिक, मुंबई. दुसऱ्या बाजूला जळगाव, भुसावळ आणि तिथून नागपूर किंवा इटारसी. याच पाचोऱ्यातून ५६ किलोमीटरची नॅरोगेज लाइन जामनेरला जायची. वरखेडी, शेंदुर्णी, पहूर अशी गावं घेत जाणारी ती 'पीजे' खानदेशात अजूनही अनेकांच्या आठवणीत आहे.

आता जामनेरच्या स्टेशनवर उभा असलेला प्रवासी डोळ्यांसमोर आणा. त्याला मुंबईला जायचंय, नागपूरला की थेट कोलकात्याला, यानं काहीच फरक पडत नव्हता. गाडी एकच, दिशा एकच. शेंदुर्णी-पहूरसारखं वाटेतलं गाव असेल तर तिथं उतरा, नाहीतर पाचोऱ्यापर्यंत जा आणि पुढचं तिथं विचारा. जामनेरला अख्ख्या भारताचं टाइमटेबल भिंतीवर लावायची गरजच नव्हती.

घरातला, दुकानातला, ग्रामपंचायतीतला राउटर म्हणजे हे जामनेर. त्याला बाहेर पडायचा रस्ता एकच. त्यामुळे त्याच्या यादीत जवळचे दोन-चार पत्ते असतात आणि शेवटी एक ओळ: 'बाकी सगळं इकडे पाठव.'

पण राउटर ठरवतो कसं?

पिनकोडसारखं. पाचोऱ्याचा पिन ४२४२०१. टपाल खात्यात पहिला अंक मोठा विभाग सांगतो आणि पुढच्या प्रत्येक अंकाबरोबर नेम अचूक होत जातो. राउटरही डेटाच्या प्रत्येक पाकिटावरचा पत्ता यादीशी ताडून बघतो आणि ज्या ओळीशी पत्ता सर्वात जास्त लांबीपर्यंत जुळतो, ती ओळ निवडतो. फरक इतकाच की तो दशांश अंक नाही, बिट मोजतो. आयपीच्या चौथ्या आवृत्तीतला पत्ता ३२ बिटांचा, म्हणजे एकूण सुमारे ४३० कोटी पत्ते.

डिफॉल्ट रूट लिहिला जातो ०.०.०.०/० असा. शेवटच्या शून्याचा अर्थ, 'एकही बिट जुळायची अट नाही'. म्हणून ही ओळ जगातल्या कुठल्याही पत्त्याला लागू पडते. आणि जुळणी सर्वात कमी असल्यामुळे तिचा नंबर सर्वात शेवटी लागतो. आधी सगळ्यांना संधी, कुणीच नाही म्हटलं तर ही. सिस्को कंपनीच्या राउटरवर हिला 'गेटवे ऑफ लास्ट रिसॉर्ट' म्हणतात, म्हणजे शेवटचा आसरा.

घरी ही ओळ बहुतेकदा तुम्हाला लिहावी लागत नाही. इंटरनेट देणाऱ्या कंपनीच्या यंत्रणेकडून ती आपोआप येते. ऑफिस, बँकेची शाखा, कॉलेज, किंवा कायमचा ठरलेला आयपी घेतलेलं ठिकाण असेल, तर मात्र ती हातानं भरतात. सिस्कोवर हुकूम असा: आयपी रूट ०.०.०.० ०.०.०.० २०३.०.११३.१. पहिली चार शून्यं म्हणजे 'कुठलाही पत्ता', दुसरी चार म्हणजे 'कितीही जुळो', आणि शेवटी पुढच्या राउटरचा पत्ता (इथला पत्ता फक्त उदाहरणांसाठी राखून ठेवलेल्या संचातला आहे, जसाच्या तसा टाकू नका). लहान शहरांतल्या केबल-इंटरनेटवाल्यांकडे मायक्रोटिकचे राउटर पुष्कळ दिसतात. तिथं हेच काम गेटवेच्या रकान्यात पत्ता भरून होतं.

एका ओळीत चूक ती काय होणार?

बरीच होते. सर्वात साधी चूक म्हणजे पुढचा पत्ता शेजारचा नसणं. जामनेरच्या माणसाला 'आधी भुसावळला जा, मग गाडी धर' सांगण्यासारखं ते आहे. तिथं पोहोचणार कसं, हे कुणी सांगितलेलंच नाही.

दुसरी चूक जरा गमतीची. दोन राउटर, दोघांच्या डिफॉल्ट ओळी एकमेकांकडे. हा म्हणतो तिकडे विचार, तो म्हणतो इकडे विचार. सरकारी कचेरीत फाइल फिरते तसं पाकीट फिरत राहतं. सुदैवानं प्रत्येक पाकिटावर आयुष्याचा आकडा लिहिलेला असतो. अनेक यंत्रणांवर तो ६४ पासून सुरू होतो, विंडोजवर १२८ पासून. दर राउटरला एक कमी होतो आणि शून्य झाला की पाकीट टाकून दिलं जातं. फायलींना ही सोय नाही.

तिसरी चूक नवशिक्यांना रात्रभर जागवते. जायचा रस्ता बरोबर लिहिलाय, पाकिटं बाहेर पडतायत, तरी नेट नाही. कारण समोरच्या राउटरला उलट तुमच्याकडे यायचा रस्ता माहीत नाही. डिफॉल्ट रूट फक्त जाण्याचं तिकीट आहे, परतीचं नाही. घरी ही अडचण येत नाही, कारण घरचा राउटर सगळ्यांचे खासगी पत्ते झाकून स्वतःच्या एकाच पत्त्यानं बोलतो.

सगळ्यांकडेच असा शेवटचा आसरा असतो?

नाही. कुणालातरी जगाचं पूर्ण टाइमटेबल पाठ असावंच लागतं. इंटरनेटच्या मुख्य कण्यावरच्या मोठ्या राउटरांकडे डिफॉल्ट रूट नसतो. त्यांच्या यादीत आज नऊ लाखांहून जास्त मार्ग असतात. १२ ऑगस्ट २०१४ ला ही यादी ५ लाख १२ हजारांपुढे गेली, आणि तेवढीच जागा असलेले जगभरातले जुने राउटर कोलमडले. सेवा केंद्रातला छोटा डबा एका ओळीवर निवांत झोपतो, तो वरच्यांनी हे ओझं उचललंय म्हणून.

मग रांगेतल्या त्या माणसाचं नेट का गेलं?

इथं स्टॅटिक या शब्दाची खरी किंमत कळते. हातानं लिहिलेली ओळ रस्त्यावरच्या पाटीसारखी असते. पुढचा पूल वाहून गेला तरी पाटी बाण दाखवतच राहते.

जिथं फायबरचा डबा वेगळा आणि राउटर वेगळा असतो, तिथं तर हे डोळ्यांनी दिसतं. जेसीबीनं कुठंतरी फायबर तोडली की डब्यावरचा एलओएस दिवा लाल होतो. पण डबा आणि राउटर यांच्यातली दोन फुटांची वायर जिवंतच असते. राउटरच्या मते रस्ता चालू आहे, म्हणून तो पाकिटं त्याच खड्ड्यात ढकलत राहतो. अशा वेळी राउटर बंद-चालू करण्यात अर्थ नाही. आधी तो दिवा बघायचा आणि लाल असेल तर थेट तक्रार नोंदवायची.

यावर उपाय म्हणजे दुसरी डिफॉल्ट ओळ. समजा सिमकार्डवर चालणारा फोर-जी राउटर जोडून ठेवला. सिस्कोवर स्टॅटिक ओळीचं अंतर मुळात १ धरलेलं असतं. दुसऱ्या ओळीला मुद्दाम मोठा आकडा द्यायचा, समजा २००. पहिली ओळ आहे तोवर दुसरी गप्प बसते. मात्र फक्त एवढं करून थांबलात तर वरच्या प्रसंगात काहीच होणार नाही, कारण राउटरच्या लेखी पहिली ओळ मेलेलीच नाही. म्हणून दूरच्या एखाद्या पत्त्याला सतत हाक मारत राहायची आणि उत्तर थांबलं की पहिली ओळ काढून टाकायची, अशी तपासणीही जोडावी लागते. ती न जोडता 'आमच्याकडे बॅकअप आहे' म्हणणारी ऑफिसं कमी नसावीत!

ग्रामपंचायतींपर्यंत फायबर नेणाऱ्या भारतनेटचा प्रश्नही इथंच अडला होता. ही योजना २०११ मध्ये दुसऱ्या नावानं मंजूर झाली. तालुक्यातून निघालेली फायबर गावापर्यंत बहुतेक ठिकाणी एकाच वाटेनं गेली, पीजेसारखी. वाटेत तुटली की गाव तुटलं. ऑगस्ट २०२३ मध्ये केंद्र सरकारनं १,३९,५७९ कोटी रुपयांचा सुधारित भारतनेट कार्यक्रम मंजूर केला. त्यात २.६४ लाख ग्रामपंचायती रिंगमध्ये जोडायच्या आणि तालुक्यात व ग्रामपंचायतींत राउटर बसवायचे असं ठरलंय. रिंग म्हणजे गावातून बाहेर पडायला दोन तोंडं. एक तुटलं तर दुसरं. पण दोन तोंडं आली की नुसत्या हातानं लिहिलेल्या एका ओळीवर भागत नाही. कुठला रस्ता जिवंत आहे, हे राउटरांनी एकमेकांना सतत सांगत राहावं लागतं.

पीजेचंही तेच होऊ घातलंय. २०२० च्या लॉकडाउनमध्ये थांबलेली ती छोटी गाडी परत धावली नाही. आता मंजूर काम आहे ते ब्रॉडगेज करून लाइन जामनेरच्या पुढं बोदवडपर्यंत नेण्याचं, एकूण ८४ किलोमीटर. बोदवड भुसावळ-नागपूर मार्गावर आहे. ती लाइन झाली की नागपूरला निघालेल्या जामनेरकरानं पाचोऱ्याला जाणं म्हणजे उलटा फेरा, आणि स्टेशनवर पहिल्यांदाच विचारावं लागेल, "कुठल्या बाजूची गाडी?"