सायकलीचे कुलूप

सायंकाळची लोकल स्थानकात थांबते आणि उतरलेल्या माणसांचा लोंढा बाहेरच्या कुंपणाकडे वळतो. तेथे सकाळपासून सायकलींची रांग उभी असते. त्या गर्दीतील एक कामगार आपल्या नेहमीच्या जागेपाशी येऊन थबकतो. सायकल तेथे नाही. सकाळी तिला कुलूप लावल्याचे त्याला पक्के आठवते. किल्लीही खिशात आहे. जमिनीवर तुटलेल्या कुलपाचा तुकडा नाही, ओढाताणीची खूण नाही. सायकल कुलपासकट गेली आहे.

अशा प्रसंगी मालकाला कुलपाचा राग येतो. वास्तविक कुलपाने आपले काम चोख बजावलेले असते. चूक असते ती त्या कामाविषयीच्या अपेक्षेत. भारतात विकल्या जाणाऱ्या बहुतेक साध्या सायकलींना मागच्या चाकावर, आसनाखालून येणाऱ्या दोन नळ्यांना जखडून एक गोल कुलूप बसवलेले असते. खटका दाबला की त्यातील पोलादी कडे चाकाच्या तारांमधून आरपार जाते आणि चाक फिरेनासे होते. म्हणजे हे कुलूप चाकाला सायकलीच्या सांगाड्याशी बांधते. सायकलीवर बसून कोणी निघून जाऊ शकणार नाही, एवढीच त्याची हमी. सायकल उचलून नेणाऱ्याला, किंवा मागचे चाक अधांतरी धरून ती पुढच्या चाकावर ढकलत नेणाऱ्याला ते अडवू शकत नाही. जुन्या घडणीच्या काळ्या सायकलीचे वजन वीस किलोच्या आसपास असते. दोन माणसे ती पाहता पाहता टेम्पोत चढवतात आणि कुलूप मग आडजागी सावकाश तोडतात.

बैलाच्या गळ्यात दावे आहे, पण ते खुंट्याला बांधलेले नाही, तर त्या दाव्याचा काही उपयोग नाही, हे शेतकऱ्याला सांगावे लागत नाही. सायकलीचेही तसेच आहे. तिला सुरक्षित ठेवायचे म्हणजे तिचा सांगाडा एखाद्या अचल वस्तूला बांधायचा. गोल कुलूप हे फार तर बैलाच्या पायातील लोढणे होय. खुंट्याची आणि दाव्याची व्यवस्था वेगळी करावी लागते.

ही व्यवस्था क्षुल्लक वाटते. परंतु ज्यांच्याकडे सायकल असते त्यांच्या दृष्टीने ती क्षुल्लक नाही. २०११ च्या जनगणनेनुसार देशातील शंभरांपैकी सुमारे पंचेचाळीस कुटुंबांकडे सायकल होती. दूध घालणारे गवळी, पहाटे वृत्तपत्रे टाकणारी मुले, स्थानकापासून कचेरीपर्यंत डबे पोहोचवणारे मुंबईचे डबेवाले, इमारतींच्या कामावर जाणारे गवंडी आणि सुतार यांची रोजी या वाहनावर चालते. बिहार सरकारने २००६ साली नववीत जाणाऱ्या मुलींसाठी सायकलींची योजना सुरू केली, ती गावापासून दूर असलेली शाळा त्यांनी सोडू नये म्हणून. अशा मुलीची सायकल गेली तर तिच्याबरोबर शाळेची वाटही जाऊ शकते.

खुंटा निवडताना पुष्कळांची फसगत होते. कमरेइतक्या उंचीचा ठेंगणा खांब मजबूत दिसतो. पण त्याच्या माथ्यावर काही अडथळा नसेल, तर साखळीसकट सायकल वर उचलून काढता येते. रस्त्यावरील फलकाचा खांब उंच असतो, तथापि तो जमिनीत पुरलेला आहे की चार बोल्टांवर उभा केलेला आहे, हे हाताने हलवून पाहिल्याखेरीज कळत नाही. कोवळे झाड मोडते, लाकडी कठडा निखळतो आणि कुंपणाची तारेची जाळी तर साध्या पकडीने कापता येते. भिंतीत पक्के बसवलेले खिडकीचे गज, लोखंडी जिन्याचा खांब, पुलाचा किंवा स्थानकाच्या आवाराचा जाड नळीचा कठडा ही ठिकाणे त्या मानाने विश्वासाची. विजेचा खांब मात्र टाळावा. पावसाळ्यात अशा खांबात वीज उतरून माणसे व जनावरे दगावल्याच्या बातम्या येतच असतात. दवाखान्याच्या उतरणीचा कठडाही सोयीचा दिसतो, परंतु तो ज्याच्या आधारासाठी उभारलेला असतो त्या चाकाच्या खुर्चीतील माणसाची वाट अडवून स्वतःची सायकल वाचवण्यात शहाणपण नाही.

आसपास काहीच सापडले नाही तर दोन ओळखीच्या माणसांनी आपल्या सायकली परस्परांना बांधाव्यात. एकीचे तोंड पूर्वेला तर दुसरीचे पश्चिमेला ठेवून दोन्ही सांगाडे एकाच साखळीत गुंफले, तर ती जोडी ढकलतही नेता येत नाही आणि उचलायलाही अवघड होते.

साखळी कोठून ओवावी, यालाही महत्त्व आहे. घाईत असलेला माणूस पुढचे चाक खांबाशी बांधतो, कारण ते हाताशी असते. पुढचे चाक दोन नटांवर बसवलेले असते. नवीन पद्धतीच्या गिअरच्या सायकलींत तर ते केवळ एक लहान खटका फिरवून, हत्याराशिवाय निघते. संध्याकाळी मालकाच्या वाट्याला खांबाला बांधलेले एक चाक येते, बाकीची सायकल गेलेली असते. आसनाची नळी आणि मागचे कॅरिअर यांनाही साखळी बांधण्यात अर्थ नाही. तेही नटांवरच टिकून असतात. साखळी प्रथम सांगाड्याच्या त्रिकोणातून जावी, मग मागच्या चाकातून, आणि मग खांबाभोवती. मागचे चाक पुढच्यापेक्षा महाग असते, कारण दातेरी चक्र त्याच्याच कण्यावर असते. साखळी पुरेशी लांब असेल तर पुढचे चाकही त्यात घ्यावे. नसेल तर, खटक्याचे चाक असल्यास, ते काढून मागच्या चाकाशेजारी ठेवावे आणि दोन्ही एकत्र बांधावीत.

परदेशात इंग्रजी यू अक्षराच्या आकाराचे पोलादी कुलूप बरेच वापरतात आणि आता ते आपल्याकडील मोठ्या शहरांतही मिळते. अमेरिकेतील सायकल-तंत्रज्ञ शेल्डन ब्राउन (१९४४–२००८) यांनी त्याची एक युक्ती सांगितली होती. मागचे चाक ज्या त्रिकोणात बसते, त्या त्रिकोणाच्या आत चाकाची कड आणि खांब एवढेच या कुलपात अडकवायचे. सांगाडा कुलपात नसतो, तरीही सायकल सुटत नाही. कारण कुलूप लावलेले चाक त्या त्रिकोणातून बाहेर काढताच येत नाही. अशा रीतीने एका लहान कुलपात चाक आणि सांगाडा दोन्ही राखले जातात. हे प्रथम ऐकणाऱ्याला पटत नाही. सायकलीपाशी उभे राहून करून पाहिले की पटते.

आता दाव्याविषयी. तुटणार नाही असे कुलूप अद्याप कोणी बनवलेले नाही. चोराला ते तोडण्यास किती वेळ लागेल, कोणते हत्यार आणावे लागेल आणि किती आवाज होईल, एवढ्यावरच कुलपाची योग्यता ठरते. रंगीत आवरणाचे तारेचे कुलूप हलके आणि स्वस्त म्हणून लोकप्रिय आहे. बोटाएवढ्या जाडीच्या त्या दोरात बरेचसे प्लास्टिक असते आणि आत बारीक तारांचा पीळ असतो. तो पीळ एकदम तुटला नाही तरी पकडीने थोडाथोडा कुरतडून काही क्षणांत तोडता येतो, आणि आवाज जवळजवळ होत नाही. आकडे जुळवून उघडणाऱ्या स्वस्त कुलपांत आणखी एक दोष असतो. कुलूप ताणून धरून चकत्या फिरवल्या, तर योग्य आकडा आल्याचे बोटांना जाणवते.

लोखंडी सामानाच्या दुकानात वजनावर मिळणारी साखळी याहून बरी. पण ती मऊ लोखंडाची असल्यास लांब दांड्यांचा बोल्ट कटर तिला सुपारीसारखी कातरतो. पाणी दिलेल्या पोलादाची जाड कडी असलेली साखळी त्याला सहसा दाद देत नाही. मात्र साखळी दणकट घ्यायची आणि तिच्या टोकांना पेटीचे नाजूक कुलूप लावायचे, हा व्यवहार आतबट्ट्याचा. चोर साखळीकडे पाहतच नाही, कुलपाची बारीक कडी कापतो. यू आकाराचे कुलूप पाणी दिलेल्या पोलादाच्या एकाच दांड्याचे असते, म्हणून ते कापण्यापेक्षा पहार घालून फाकवण्याचा प्रयत्न होतो. त्याच्या आतील जागा चाक, नळी आणि खांब यांनी भरून टाकली, तर पहार शिरवायला फट उरत नाही. साखळी असो वा कुलूप, ते जमिनीवर लोळू देऊ नये. जमिनीचा टेकू मिळाला की कटरचा एक दांडा खाली रोवून त्यावर सर्व भार देता येतो, आणि हातोड्याला तर आयती ऐरणच मिळते. विजेरी घटावर चालणारे ग्राइंडर कोणतेही कुलूप कापते. पण ठिणग्या उडतात, आवाज दूरवर जातो, आणि भर वस्तीत तेवढे धैर्य प्रत्येक चोराजवळ नसते.

किंमत आणि नाव यांवरच विसंबून राहणेही बरोबर नाही. २००४ साली अमेरिकेत एका नामवंत कंपनीची, नळीसारख्या गोल किल्लीची महागडी कुलपे साध्या बॉलपेनच्या नळीने उघडतात असे उघडकीस आले आणि कंपनीला ती ग्राहकांना बदलून द्यावी लागली.

साध्या सायकलीसाठी मूळचे गोल कुलूप आणि जोडीला सांगाडा खांबाशी बांधणारी एक साखळी, एवढे पुरेसे ठरते. सायकलींचा देश म्हणून ओळखल्या जाणाऱ्या नेदरलँडमध्येही हीच जोडी सर्रास दिसते. दोन निरनिराळी कुलपे असली की चोराला दोन प्रकारची हत्यारे आणि दुप्पट वेळ लागतो, आणि शेजारीच एका कुलपाची सायकल उभी असेल तर तो तिच्याकडे वळतो. हा विचार फारसा उदात्त नाही, हे खरे.

पावसाळा हा कुलपाचा मोठा शत्रू. गंज चढला की किल्ली अडते, मग आज राहू दे, उद्या पाहू, असे म्हणत माणूस कुलूप लावणेच सोडून देतो. मृग नक्षत्रापूर्वी शिलाई यंत्राच्या तेलाचे दोन थेंब कुलपात सोडले, तर चार महिने ते सुरळीत चालते. किल्लीचे भोक आकाशाकडे न ठेवता जमिनीकडे ठेवावे. पाणी आणि धूळ आत जात नाही, आणि भोकात हत्यार खुपसणाऱ्यालाही अडचण होते. दुसरी किल्ली घरीच ठेवावी. पुष्कळ लोक दोन्ही किल्ल्या एकाच कडीत घेऊन हिंडतात आणि दोन्ही एकदमच हरवतात.

सायकल निर्जन ठिकाणीच जाते, असे नाही. एखादी वस्तू आणायला दोन मिनिटे दुकानात शिरलेल्या माणसाची सायकल दारातून जाते, कारण दोन मिनिटांसाठी कुलूप कशाला, असे त्याला वाटलेले असते. रात्री चाळीच्या जिन्याखाली ठेवलेल्या सायकलीलाही साखळी हवीच. दिवसा चहाच्या टपरीसमोर, पानाच्या ठेल्यासमोर, जेथे कोणाची तरी नजर असते अशी जागा निवडावी. पैसे घेऊन बिल्ला देणारा सायकलतळ जवळ असेल, तर ते पैसे वाचवण्यात फारसा लाभ नाही.

इतके करूनही सायकल गेली, तर कायदा काय करतो? १ जुलै २०२४ पासून भारतीय दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता लागू झाली. तिच्या कलम ३०३ नुसार चोरीला तीन वर्षांपर्यंत कारावास, किंवा दंड, किंवा दोन्ही होऊ शकतात. परंतु चोरीच्या मालाची किंमत पाच हजार रुपयांपेक्षा कमी असेल, गुन्हेगार प्रथमच दोषी ठरला असेल आणि त्याने माल किंवा त्याची किंमत परत केली असेल, तर त्याला समाजसेवेची शिक्षा दिली जाते. या मर्यादेखालील चोरी अदखलपात्र गुन्ह्यांच्या वर्गात घातलेली आहे. अशा गुन्ह्याची पोलीस नोंद घेतात, मात्र दंडाधिकाऱ्यांच्या आदेशाशिवाय त्यांना तपास करता येत नाही. काही वर्षे वापरलेल्या साध्या सायकलीची किंमत पाच हजारांच्या सहज खाली येते. म्हणजे ज्याची सायकल जुनी आणि स्वस्त, त्याची रोजी तिच्यावर कितीही अवलंबून असली तरी, त्याच्या चोरीचा तपास आपोआप सुरू होत नाही. किमतीची पावती जपून ठेवण्याचे एक कारण हेही आहे. सायकल मर्यादेहून महाग असेल तर कोणत्याही पोलीस ठाण्यात प्रथम खबर नोंदवता येते, आणि तिची प्रत फिर्यादीला विनामूल्य मिळते.

मराठीत ‘बैल गेला आणि झोपा केला’ अशी म्हण आहे. झोपा म्हणजे गोठ्याचे झावळ्या-काटक्यांचे दार. सायकलीच्या बाबतीत हा झोपा अगोदरच करून ठेवण्याचा एक बिनखर्ची उपाय आहे, आणि तो फारच थोडे लोक करतात. प्रत्येक सायकलीच्या सांगाड्यावर कारखान्यात ठोकलेला एक क्रमांक असतो. बहुधा पायडलच्या कण्याखालच्या नळीवर, काही वेळा आसनाच्या नळीवर. पूर्वी अनेक नगरपालिका सायकलीवर कर घेत आणि बिल्ला देत, त्यामुळे सायकलीची ओळख कागदोपत्री राहत असे. आता ती जबाबदारी मालकाचीच. इटालियन दिग्दर्शक व्हित्तोरिओ दे सिका यांच्या ‘बायसिकल थीव्ज’ (१९४८) या चित्रपटात रोममधील एक बेकार माणूस घरातील चादरी गहाण टाकून आपली सायकल सोडवतो. भित्तिपत्रके चिकटवण्याचे काम त्याला सायकलीमुळेच मिळालेले असते, आणि पहिल्याच दिवशी ती चोरीस जाते. दुसऱ्या दिवशी तो मुलाला घेऊन जुन्या बाजारात जातो. तेथे सुट्या केलेल्या सायकलींचे ढीग असतात. कोठे सांगाडे, कोठे चाके, कोठे नुसत्या घंटा. एक विक्रेता एका सांगाड्याला नवा रंग देत असतो. बापाला संशय येतो, पोलिसाला बोलावले जाते आणि सांगाड्यावरील क्रमांक वाचला जातो. तो सांगाडा त्याच्या सायकलीचा नसतो, पण तसे ठरवता येते ते क्रमांक ठाऊक असल्यामुळेच.

हा क्रमांक वाचायला सायकल उलटी करावी लागते आणि चिखल-ग्रीस पुसून काढावे लागते. मग तो खरेदीच्या पावतीमागे लिहावा, सायकलीचे एक छायाचित्र काढावे, आणि दोन्ही घरात जेथे शिधापत्रिका ठेवलेली असते तेथे ठेवावीत. दुसरी किल्लीही तेथेच.