राऊटर सुरूच होत नाही? शेवटचं काय बदललं ते आठवा!

बुलढाणा, चिखली, मेहकर, शेगाव... कुठेही रूम करून राहणाऱ्या पोरापोरींना विचारा, लाइन गेली की आधी काय आठवतं? पंखा नाही, वायफाय! इन्व्हर्टर सगळ्यांना परवडत नाही. म्हणून आता रूमवर राऊटरचा मिनी यूपीएस येऊ लागलाय. ॲडॉप्टर आणि राऊटर यांच्या मध्ये जोडायची ही छोटीशी बॅटरी. लाइन गेली तरी नेट चालू.

पण यूपीएस जोडला आणि राऊटर सुरूच झाला नाही तर? किंवा दिवे लागले, विझले, परत लागले? त्यात महाडीबीटीच्या फॉर्मची उद्या शेवटची तारीख असेल, तर घाम फुटणारच. मग दहा वेळा ऑन-ऑफ, रिसेटच्या भोकात टाचणी आणि शेवटी 'राऊटर गेला' म्हणून नवीन घ्यायची तयारी.

जरा थांबा. काल नीट चालणारी वस्तू आज बंद पडली आणि मध्ये तुम्ही एकच गोष्ट बदलली असेल, तर पहिला संशय त्या गोष्टीवर घ्यायचा. यूपीएस काढा आणि राऊटरला त्याचा जुना ॲडॉप्टर थेट लावा. तीन-चार मिनिटं वाट बघा. सुरू झाला? मग राऊटर ठणठणीत आहे. नव्या राऊटरचे पैसे वाचले.

मग बिघडलं कुठे?

राऊटर म्हणजे छोटा कॉम्प्युटरच. वीज मिळाली की तो आधी स्वतःची तपासणी करतो, मग फ्लॅश मेमरीतलं सॉफ्टवेअर रॅममध्ये घेतो, मग तुमची सेटिंग वाचतो आणि वायफाय चालू करतो. जसजसं काम वाढतं तसतशी वीजही जास्त लागते. तेवढी मिळाली नाही की तो मध्येच पडतो आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू होतो. दिव्यांची उघडझाप बऱ्याचदा यामुळेच होते.

म्हणून या गोष्टी बघा:

- राऊटरच्या मागच्या स्टिकरवर व्होल्ट आणि ॲम्पिअर लिहिलेले असतात. व्होल्ट तंतोतंत जुळले पाहिजेत. 12 व्होल्टचा राऊटर 9 व्होल्टवर अडखळतो आणि 9 व्होल्टच्या राऊटरला 12 दिले तर तो जळू शकतो.
- यूपीएसचे ॲम्पिअर राऊटरच्या आकड्याइतके किंवा जास्त हवेत. कमी नकोत.
- पिन सैल आहे का? बाहेरून सारख्या दिसणाऱ्या पिनांचं आतलं भोक 2.1 किंवा 2.5 मिलिमीटरचं असतं. चुकीची पिन बसते, पण हलते.
- यूपीएस नवा असेल तर आधी पूर्ण चार्ज करा.
- फायबरचं कनेक्शन असेल आणि 'लॉस'चा लाल दिवा लागला, तर राऊटर चालू आहे, पण फायबरमधून सिग्नल येत नाही. यूपीएस ठेवताना वायर दुमडली किंवा निघाली का ते बघा. वायरच्या टोकात मात्र डोळा लावून बघू नका.

आणि हो, रिसेट नकोच! कंपनीने भरून दिलेलं युजरनेम-पासवर्ड त्यात पुसलं जाऊ शकतं. मग राऊटर चांगला असूनही नेट नाही आणि कंपनीच्या माणसाची वाट बघत बसायचं.

लॅबमध्येही हाच नियम

नेटवर्किंग शिकणाऱ्यांनी सिस्कोचं पॅकेट ट्रेसर वापरलं असेल. त्यात पॉवर चालू ठेवून राऊटरमध्ये मॉड्यूल टाकायला गेलं की ते नकार देतं. लॅबमधले बरेच जुने खरे राऊटर असे अडवत नाहीत, थेट नुकसान होतं. म्हणून आधी पॉवर बंद, मग कार्ड. रॅम किंवा कार्ड टाकल्यावर राऊटर उठला नाही, तर कन्सोल केबल लावा, स्पीड 9600 ठेवा आणि स्क्रीनवर काय येतं ते वाचा. 'रॉमॉन'वर अडकला असेल तर राऊटरला त्याचं सॉफ्टवेअर सापडलेलं नाही. पॉवर बंद करून नवा भाग काढा, फ्लॅश कार्ड नीट बसवा आणि परत सुरू करा. एका वेळी एकच बदल करा. दोन केले तर नेमकं कशामुळे जमलं ते कळणारच नाही.

आता हे वाचून झालं की एक काम करा. राऊटरच्या स्टिकरचा आणि चालू असताना दिसणाऱ्या दिव्यांचा फोटो काढून मोबाइलमध्ये ठेवा. यूपीएस घ्यायला जाल तेव्हा दुकानदाराला तोच दाखवा.