धूर, एरंडेल आणि आडवी गाडी

"इंजिन सुरू करायच्या आधी ट्रान्समीटर चालू, आणि इंजिन विझल्यावरच बंद. एवढं पाळ मामा, बाकीचं जमेल," असं बजावून भाचा नोकरीसाठी बंगळुरूला गेला. जाताना त्याची रिमोटवर चालणारी नायट्रो गाडी माझ्याकडे सोडून गेला. खऱ्या गाडीच्या एक-दशांश मापाची, हातभर लांब. बावन्नाव्या वर्षी मी ती आडवी चालवायला शिकतो आहे.

आडवी म्हणजे ड्रिफ्ट. मागची चाकं मुद्दाम घसरवायची, तोंड वळणाच्या आत, पुढची चाकं उलट दिशेला, आणि तशाच तिरक्या अवस्थेत वळण पार करायचं. ही तऱ्हा जपानची. १९७०च्या दशकात कुनिमित्सु ताकाहाशीने ती शर्यतीच्या ट्रॅकवर गाजवली. त्याला बघून केइची त्सुचिया घाटरस्त्यांवर सराव करू लागला. १९८७ साली त्याच्या घाटातल्या करामतींचा 'प्लसपी' हा व्हिडिओ आला. आज त्याला सगळे 'ड्रिफ्ट किंग' म्हणतात. खेळण्यातल्या गाड्यांपर्यंत हे वेड पोचलं तेही जपानमार्गेच.

ड्रिफ्टसाठी बहुतेक जण विजेवरची गाडी घेतात, आणि त्यांचंच बरोबर आहे. मोटर बोटाच्या इशाऱ्याला लगेच ओ देते. नायट्रोचं तसं नाही. त्यात आधी इंजिनच समजून घ्यावं लागतं.

हे इंजिन जेमतेम दोन-तीन सीसीचं, टू-स्ट्रोक, पण मिनिटाला ३०,००० फेरे सहज घेणारं. त्यात पेट्रोल नसतं. मिथेनॉल, साधारण १० ते ३० टक्के नायट्रोमिथेन आणि तेल असं मिश्रण असतं. नायट्रोमिथेन स्वतःचा ऑक्सिजन घेऊनच येतं, म्हणून तेवढ्याच हवेत जास्त इंधन जळतं. ठिणगीचा प्लगही नाही. ग्लो प्लगमध्ये प्लॅटिनमयुक्त तारेचं वेटोळं असतं. सुरुवातीला ते दीड व्होल्टवर लाल करायचं. मग बॅटरी काढून घेतली तरी मिथेनॉल आणि प्लॅटिनम यांच्यातल्या प्रक्रियेने आणि जळणाच्या उष्णतेने ते लालच राहतं. तेलात बऱ्याचदा एरंडेल असतं. लहानपणी नाक दाबून प्यायलेल्या त्या चमच्याचा सूड म्हणून की काय, त्याचा धूर मला आता आवडू लागलाय.

मिथेनॉल मात्र गमतीची गोष्ट नाही. २०१५ साली मालाडच्या मालवणीत विषारी दारूने शंभराहून अधिक माणसं मेली, ती यानेच. त्याची ज्योत उन्हात दिसतही नाही. माझी बाटली कुलपात असते.

चेतक स्कूटर चालवलेल्यांना 'रनिंग इन' आठवत असेल. इथेही पहिल्या काही टाक्या इंधन जास्त ठेवून, धुरकट, सावकाश चालवायचं. मग कार्ब्युरेटरची सुई फिरवायची, तीही एका वेळी घड्याळातल्या एका तासाएवढीच. सुई आवळली की इंधन कमी होतं, इंजिन किंचाळतं आणि तापतं. सैल केली की ते घोगरं होऊन अडखळतं. ताप बघायला भाच्याने तव्याची युक्ती सांगितली : इंजिनाच्या डोक्यावर पाण्याचा थेंब टाकायचा. चर्रकन उडाला तर फार तापलंय. तीन-चार सेकंद बुडबुडत राहिला तर ठीक.

टायर रबराचे नकोत, ते रस्ता धरून ठेवतात. कडक प्लॅस्टिकचे हवेत. हौशी मंडळी प्लंबरच्या दुकानातला पीव्हीसी पाइप कापून चाकांवर चढवतात. मीही तेच केलं. दुकानदाराने "कुठली लाइन फुटली?" असं विचारलं तेव्हा मी खोटं बोललो.

सोसायटीत पहिल्याच आवाजाला बंदी आली. आता रविवारी सकाळी एका बंद गोदामाच्या सिमेंटच्या अंगणात जातो. पहिला धडा एकाच दिशेने गोल फिरण्याचा. ट्रिगर दाबला की कार्ब्युरेटर उघडतो, फेरे वाढतात, मग क्लचचे शू बाहेर फेकले जाऊन पकड घेतात, आणि त्यानंतर चाकं. या सगळ्यात क्षणभर जातो. गाडी सरळ होताना दिसल्यावर गॅस दिला तर उशीर झालेला असतो. म्हणून इंजिनाचा सूर खाली यायला लागला की लगेच, गाडीकडे न बघता, बोट दाबायचं. हे कळायला मला तीन रविवार लागले. तोवर गाडी एकतर भोवऱ्यासारखी गरगरे नाहीतर थेट भिंतीकडे जाई. शिवाय गाडी आपल्याकडे तोंड करून आली की डावं-उजवं उलटतं, आणि हात मेंदूचं ऐकत नाही.

एकदा गाडीतल्या रिसीव्हरची बॅटरी उतरली आणि गॅस उघडाच राहिला. गाडी नाल्यात गेली. दुसऱ्याच दिवशी, बॅटरी उतरली की गॅस आपोआप बंद करणारा फेल-सेफ बसवला, आणि आता निघण्यापूर्वी बॅटरी भरलेली आहे ना, हे बघतो.

खेळ संपला तरी काम संपत नाही. उरलेलं मिथेनॉल हवेतलं पाणी ओढतं आणि बेअरिंगना गंज चढतो. म्हणून टाकी रिकामी करून इंजिनात तेलाचे थेंब सोडायचे.

सध्या आठाचा आकडा गिरवतो आहे. इंग्रजी आठ, मराठी ८ गिरवला तर गाडी गेटबाहेर जाईल. दोन गोलांच्या मध्ये, जिथे घसरण्याची दिशा बदलते, तिथे ती दर वेळी सरळ होते.

"आठ जमला का?" भाचा फोनवर विचारतो.

"अर्धा जमला."

"मामा, अर्धा आठ म्हणजे शून्य."