मगनवाडीतले कुमारप्पा

ख्रिस्ती धर्मविचार आणि लोकशाही यांचे नाते शोधणारे संशोधक बहुधा युरोपातले ग्रंथ उघडतात. त्यांनी वर्ध्याची मगनवाडीही पाहायला हवी. जमनालाल बजाज यांनी दिलेल्या या जागेत अखिल भारतीय ग्रामोद्योग संघाचे काम चाले. १९३४ च्या डिसेंबरात स्थापन झालेल्या या संघाची धुरा जोसेफ कॉर्नेलियस कुमारप्पा यांनी वाहिली.

तंजावरच्या तमिळ ख्रिस्ती घरात १८९२ साली जन्मलेले कुमारप्पा लंडनमध्ये शिकून हिशेबतपासनीस झाले. पुढे कोलंबिया विद्यापीठात त्यांनी प्रा. सेलिग्मन यांच्याकडे अध्ययन केले. सेलिग्मन हे डॉ. आंबेडकरांचेही प्राध्यापक. सरकारी महसूल आणि खर्च यांच्या रीतीतून हिंदुस्थान दरिद्री कसा झाला, हा कुमारप्पांच्या प्रबंधाचा विषय. तो छापण्याच्या निमित्ताने १९२९ मध्ये ते गांधीजींना भेटले आणि त्यांचेच झाले.

१९३० च्या सत्याग्रहात कलकत्त्याचे बिशप वेस्टकॉट यांनी कायदेभंग ख्रिस्ती शिकवणीत बसत नाही अशी भूमिका घेतली. कुमारप्पांनी त्यांच्याशी जाहीर वाद घातला. साम्राज्याच्या सावलीत उभ्या असलेल्या चर्चला एका श्रद्धावान ख्रिस्ती माणसाने येशूच्याच शिकवणीच्या आधारे जाब विचारावा, याचे मोल फार मोठे आहे.

त्यांचा सर्वांत धाडसी विचार मात्र मगनवाडीतल्या तेलघाणी, हातकागद आणि मधमाशीपालन यांच्या सान्निध्यात वाढला. माणूस कामातून घडतो, असे ते मानत. दिवसभर दुसऱ्याच्या हुकमाने यंत्राशी राबणाऱ्याच्या हाती मतपत्रिका दिली, तरी निर्णय घेण्याची सवय त्याला लागणार कुठून? उत्पादन एकवटले की सत्ताही एकवटते, आणि दूरचा कच्चा माल व बाजारपेठ ताब्यात ठेवण्यासाठी हिंसा आलीच. म्हणून लोकशाहीचा पाया त्यांनी विकेंद्रित उद्योगात पाहिला. अर्थव्यवस्थांची त्यांनी जी चढती श्रेणी लावली, तिच्या तळाशी परोपजीवी व्यवस्था होती आणि शिखरावर सेवेची. येशूच्या शिकवणीचा ठसा इथे मला सर्वांत स्पष्ट दिसतो.

चाळीसच्या दशकातल्या तुरुंगवासात त्यांनी येशूच्या आचार-विचारांवर एक आणि टिकाऊ अर्थव्यवस्थेवर दुसरे पुस्तक लिहिले. दोन्ही तुरुंगातली, एकाच चिंतनाची. दुसऱ्या पुस्तकाच्या प्रस्तावनेत गांधीजींनी त्यांना ग्रामोद्योगांचा डॉक्टर म्हटले. स्वातंत्र्यानंतर काँग्रेसच्या कृषिसुधारणा समितीचे अध्यक्षपद त्यांच्याकडे आले. १९४९ च्या अहवालात समितीने मध्यस्थ हटवून जमीन कसणाऱ्याला द्यावी, जमीनधारणेला कमाल मर्यादा घालावी आणि अगदी लहान शेतकऱ्यांनी एकत्र येऊन शेती करावी, अशा शिफारशी केल्या.